येऊदेबाई

काही माणसांच्या नाकावर राग असतो. येऊदेबाईचा राग नाकावर मावण्यातला नव्हता. तो तिच्या अख्ख्या अंगात होता, आणि सकाळी ती कॅरॅव्हॅनच्या तळाचं फाटक उघडायला निघाली की तिच्या आधी तोच घराबाहेर पडायचा.

तळ गावाच्या टोकाला, समुद्राला लागून. गाव लहानसं. एकच मोठा रस्ता, तोही धक्क्यापाशी जाऊन संपायचा. मासळीचा लिलाव, दोन हॉटेलं, एक औषधांचं दुकान, आणि उन्हाळा आला की बाहेरची माणसं. ही माणसं मोटारीमागे चाकांचं घर जोडून यायची. त्या घरात पलंग, शेगडी, मोरी, कपाट, नवरा-बायको, पोरं आणि एखादा कुत्रा, सगळं कोंबलेलं. असलं घर ओढत न्यायला सोपं असतं, पुढे मोटार आणि मागे ते मुकाट्याने. मागे घ्यायची वेळ आली की मात्र त्याचं डोकं फिरतं. स्टिअरिंग डावीकडे वळवलं तर ते उजवीकडे जातं, आणि उजवीकडे वळवलं तर डावीकडे. त्यात तळावरच्या जागा अशा आखलेल्या की प्रत्येकाला गाडी मागे घेतच आत शिरावं लागायचं. तिथे ही बाई दोन्ही हात वर करून उभी असायची आणि वाऱ्याला गप्प करणाऱ्या आवाजात ओरडायची, "येऊ दे, येऊ दे... थोडं तुझ्या बाजूला... येऊ दे... बास! अरे बास म्हटलं ना, बहिरा आहेस का?"

त्यावरून नाव पडलं, आणि मूळ नाव मागे पडलं. ते आता फक्त तिच्या आईच्या तोंडात होतं, आणि आईसुद्धा रागावल्याशिवाय ते वापरायची नाही.

घर मागे घेताना घरातलं सगळं बाहेर येतं, असं येऊदेबाई म्हणायची. बायको खिडकीतून काय सांगतेय ते जो नवरा ऐकतो, त्याच्याकडे संध्याकाळी हसण्याचे आवाज यायचे. जो ऐकत नाही, त्याच्याकडे भांडी आपटायची. आणि जिथे बायको काही बोलतच नाही, तिथे ही गॅस पुरतोय ना, पाणी येतंय ना, असली काहीतरी निमित्तं काढून दिवसातून दोन-तीनदा डोकवायची.

बाकी वेळ ती चिडलेली असायची, आणि तिला कारणं कमी नव्हती. तोंड धुवायच्या बेसिनमध्ये लोक मासे साफ करायचे. दोरीवरचे चिमटे घरी घेऊन जायचे. आंघोळीच्या खोलीत वाळूचे ढीग सोडायचे, आणि वर जाताना गोड चेहऱ्याने म्हणायचे, "किती भाग्यवान हो तुम्ही, रोज समुद्र!" समुद्र! येऊदेबाईच्या लेखी समुद्र म्हणजे नळ गंजवणारी, बिजागऱ्या खाणारी आणि वाळत घातलेले कपडे पुन्हा चिकट करणारी कटकट होती. भाग्य म्हणे.

तिचं लग्न झालं होतं. नवरा मालवाहू बोटीवर होता. एका फेरीला गेला आणि भलत्याच बंदरात भलत्याच बाईकडे उतरला, तो उतरलाच. गावातल्या बायका समजूत घालायला आल्या, तेव्हा ही आंघोळीच्या खोलीतल्या तुंबलेल्या पाइपातून केसांचा बोळा ओढून काढत होती. "सुंठीवाचून खोकला गेला," म्हणाली, आणि बोळा त्यांच्यासमोरच बादलीत टाकला. बायका नाक मुरडून परत गेल्या. पण त्या दिवशी तिने मनाशी एक गाठ मारली: यापुढे जे आपल्या हातात आहे, ते सुटू द्यायचं नाही.

हातात होती आई. आईचा जन्म ताडपत्र्या शिवण्यात गेला होता. ट्रकांच्या, बोटींच्या, हातभर सुईने, जमिनीवर बसून, गुडघ्यांवर जाड कापड ओढत. मग गुडघ्यांनी सूड उगवला. एकदा ती जुन्या घरात पडली, आणि येऊदेबाईने तिला उचलून फाटकाजवळच्या आपल्या दोन खोल्यांत आणलं. तिथे खिडकीशी एक खुर्ची ठेवली, आणि तेव्हापासून आईला हात दिल्याशिवाय त्या खुर्चीतून उठू दिलं नाही.

तो हात म्हणजे काय, ते सांगायला हवं. आईने खुर्चीचा दांडा धरला रे धरला की येऊदेबाईचा हात तिच्या काखेखाली. आईने नुसतं उंबऱ्याकडे पाहिलं, तरी हात. कधी आईला मान पुढे काढून तळावर कोण नवीन आलंय तेवढंच पाहायचं असायचं, तरी हात आपला हजर. "समुद्रावर जाऊ या का गं?" असं आईने एकदा विचारलं. "त्या वाळूत? पडलीस म्हणजे?" काही महिन्यांनी परत विचारलं, परत तेच उत्तर मिळालं. मग आईने विचारणं सोडून दिलं.

गाव म्हणायचं, तोंडाने फटकळ आहे, पण लेक असावी तर अशी. असं कानावर आलं की येऊदेबाईचा राग घटकाभर खाली बसायचा. दिवसातून तेवढाच बसायचा.

तिला एक धाकटा भाऊ होता. तो शहरात इमारतींना लिफ्ट बसवायचा, आणि त्यात त्याचं बरं चाललं होतं. रविवारी फोन करायचा, तो जेवल्यावर आडवा पडून, हे आवाजावरून कळायचं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्याने फोनवर सांगितलं की जुनीच पण झकास अशी कॅरॅव्हॅन घेतलीय, बायकोमुलांना घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने निघतोय, आणि "तुमचं गाव वाटेतच आहे, तर दोन रात्री थांबू."

"तुमचं गाव म्हणतो," फोन ठेवत येऊदेबाई म्हणाली. "इथल्या मातीत नागडा लोळला आणि आता तुमचं गाव. आणि आई म्हणजे काय, वाटेतला पेट्रोलपंप?"

आईच्या कानात यातलं काही शिरलं नाही. "माझं बाळ येतंय," ती म्हणाली.

"बाळाला टक्कल पडलंय, आई."

"पडू दे. पहिली जागा ठेव हं त्याला, समुद्राकडची. आणि नळ घासून घे तिथला."

पहिली जागा दुसऱ्यांनी आधीच सांगून ठेवली होती. येऊदेबाईने त्यांना खोटं सांगून तिसऱ्या जागेवर ढकललं, नळ घासला, आणि घासताना भावाला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की नळ आरशासारखा लख्ख झाला.

भाऊ भर दुपारी आला. आठवड्याची दाढी, डोक्यावर टोपी, खिडकीबाहेर कोपर. येऊदेबाई हात वर करून जागेच्या टोकाशी उभी राहिली. "येऊ दे!" तिने हाळी दिली. गाडी मागे यायला लागली. पण धाकट्याची नजर आरशात नव्हतीच. तो समोरच्या छोट्या पडद्याकडे पाहत होता.

"इकडे बघ, इकडे!"

"कॅमेरा आहे ताई, मागचं सगळं दिसतं मला. तू हो बाजूला."

"अरे, तुझ्या बाजूला घे! बास! बास, मेल्या, बास!"

कॅमेऱ्याला मागचं सगळं दिसत असेल, बाजूचा नळ मात्र दिसला नाही. मागचा कोपरा नळाच्या खांबाला लागला, खांब आडवा झाला आणि पाण्याचा फवारा थेट वर उडाला. येऊदेबाईने धावत जाऊन मेन कॉक बंद केला. त्याबरोबर सगळ्या तळाचं पाणी गेलं. मग आंघोळीच्या खोल्यांची दारं एकेक करून उघडली. टॉवेल गुंडाळलेला एक थोराड गृहस्थ डोक्यापासून पोटापर्यंत फेसात बाहेर आला आणि डोळे मिटूनच "काय चाललंय काय इथे?" म्हणून ओरडू लागला. धाकटा गाडीतून उतरला. त्याने नळ पाहिला, फेसवाला पाहिला, आणि तो हसत सुटला. खिडकीत बसलेली आईही हसत सुटली. तळावर फक्त दोन माणसांना हसू येत नव्हतं, एक त्या फेसवाल्याला आणि एक हिला.

"हस," ती म्हणाली. "मोडून ठेवायचं तू आणि निस्तरायचं मी. लहानपणापासून तुझं हेच आहे."

"अगं, एक नळ तर आहे."

दुपार त्या नळातच गेली. भिजलेल्या चिखलात गुडघे टेकून ती पाइप जोडत होती, आणि धाकटा आईच्या खुर्चीजवळ बसून मोबाइलवर फोटो दाखवत होता. त्याची बायको येऊन म्हणाली, "ताई, चहा टाकलाय आमच्या गाडीत. आईंना पण दाखवायची आहे गाडी, आणता का त्यांना?"

"ती कशी येणार? तुमच्या त्या पायऱ्या पाहिल्यात का, लोखंडी, हलणाऱ्या? कठडा नाही, काही नाही. चहा तिला घरीच द्या." असं म्हणून येऊदेबाई फेसवाल्याला पाणी आल्याचं सांगायला गेली. त्याने दिलेल्या शिव्या ऐकून घेतल्या, त्यापेक्षा जास्त परत दिल्या, आणि ती घरी आली.

खुर्ची रिकामी होती.

तिने संडासात पाहिलं, मागच्या खोलीत पाहिलं, खाटेखालीसुद्धा पाहिलं. आई कुठे पडली, कधी पडली, आणि आपण त्या फेसवाल्याशी काय भांडत बसलो, असं सगळं एकदम मनात आलं. तेवढ्यात बाहेरून हसण्याचा आवाज आला. आईचा. कॅरॅव्हॅनमधून.

येऊदेबाई दारात जाऊन उभी राहिली. आत सोफ्यावर आई, दोन्ही बाजूंना दोन नातवंडं, हातात चहा.

"कुणी आणलं हिला इथे?"

भावजय किटली धरून उभी होती, कौतुकाने फुललेली. "कुणी नाही हो ताई, हीच तर गंमत! काठी घेऊन आल्या आपल्या आपण. मी म्हटलं, यांना बोलावते हाताला धरायला, तर म्हणाल्या, कुणी नको, दार धरून चढते. आणि चढल्या की!"

येऊदेबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने त्या पायऱ्यांकडे पाहिलं, आईच्या गुडघ्यांकडे पाहिलं, पुन्हा पायऱ्यांकडे पाहिलं.

"पडली असतीस म्हणजे?"

"पडले नाही," आई म्हणाली.

"पण पडली असतीस तर?"

"तर तू होतीसच की ओरडायला."

नातवंडं खुदखुदली. येऊदेबाईने त्यांच्याकडे असं पाहिलं की ती गप्प झाली. "म्हणजे तुला चालता येत होतं? इतकी वर्षं मी तुला उचलतेय, बसवतेय, संडासापर्यंत नेतेय, माझ्या कंबरेचा भुगा झाला, आणि तुला चालता येत होतं?"

"थोडं येत होतं. थोडं थोडं चालले असते तर जास्त आलं असतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले. दोनदा बोलले. तू म्हणालीस, पडशील." आईने कप खाली ठेवला. "मग मी आपली उठायला गेले की तुझा हात पुढे. तो नाही घेतला की तुझं तोंड असं व्हायचं... नवरा गेला तेव्हासुद्धा झालं नव्हतं तसं. ते बघवायचं नाही मला. मग घ्यायला लागले. मला नको होता गं तो हात. तुला द्यायचा होता, म्हणून घेत होते."

"वा! म्हणजे उपकार तूच केलेस माझ्यावर!" येऊदेबाईचा आवाज तिसऱ्या जागेपर्यंत गेला. तिथल्या लोकांनी खुर्च्या इकडे वळवल्या. "मी मूर्खासारखी राबले, आणि माझ्यावरच उपकार! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ते हेच!"

"ताई, शांत हो जरा," आवाज ऐकून धावत आलेला धाकटा मध्ये पडला. "हे बघ, मी ठरवलंय. आईला आम्ही नेतो. उरलेली ट्रिप आमच्याबरोबर करेल, मग शहरात घरी. खोली रिकामी आहे, खाली लिफ्ट आहे, एक पायरी चढायला नको. आता तिथेच राहू दे कायमची. तू पण सुटशील."

"सुटशील?"

"म्हणजे, तसं नाही..."

"मी काय अडकलेय? मी अडकलेय असं कुणी सांगितलं तुला? रविवारी आडवा पडून फोन करतोस, तिकडून उंटावरून शेळ्या हाकतोस, आणि आज म्हणे मी ठरवलंय! तिला रात्री खोकला कुठल्या कुशीवर येतो, माहीत आहे? तिला कुठली गोळी उपाशीपोटी चालत नाही, माहीत आहे? तुझं प्रेमसुद्धा या गाडीसारखं आहे, चाकांवरचं. आलं, उभं राहिलं, नळ मोडला, निघालं!"

धाकटाही तिचाच भाऊ होता. त्याच्याही नाकाचा शेंडा लाल झाला. "आणि तुझं? तिला खिडकीत बसवून ठेवलंयस शोभेला! समोर समुद्र आहे, एकदा नेलंस? तुला आई नकोय ताई. तुझं राबणं बघायला रोज समोर कुणीतरी बसलेलं हवंय."

  येऊदेबाईने आईकडे पाहिलं. आई काहीतरी बोलेल, 'असं बोलू नये रे बहिणीला' एवढं तरी म्हणेल, असं तिला वाटलं. आई म्हणाली, "मी जाईन त्याच्याबरोबर."

येऊदेबाई मागे वळली, विजेच्या खांबापाशी गेली आणि पहिल्या जागेची वीज बंद केली. मग घरात जाऊन दार लावून घेतलं.

त्या रात्री आई कॅरॅव्हॅनमध्येच झोपली. पहाटे, आईला संडासला न्यायच्या वेळी, येऊदेबाई सवयीने उठली, अंधारात खुर्चीपर्यंत गेली, आणि मग तिथेच बसून राहिली. आपण मूर्ख आहोत की आई दुष्ट आहे, यातलं तिला एक काहीतरी ठरवायचं होतं. उजाडलं तरी ठरलं नाही.

दुसऱ्या दिवशी सगळी मंडळी समुद्रावर गेली. येऊदेबाई फाटकाशी सिलिंडर मोजत होती, तिथून वाळू दिसायची. घडीच्या खुर्चीवर आई बसली होती, पाय पाण्यात. लाट आली की दोन्ही पाय उचलायची आणि पोरांसारखी ओरडायची. येऊदेबाईला समुद्राचाही राग आला. इतकी वर्षं शेजारी राहून एकदाही आपल्या अंगणात आला नाही, आणि आज हा धाकट्याच्या फोटोसाठी आईच्या पायाशी लोळण घेतोय.

लिलावाहून परतणारी मासळीवाली फाटकाशी थांबली. डोळ्यांवर हात धरून तिने वाळूकडे पाहिलं. "गं बाई, तुझी आई ना ती? किती करतो गं तुझा भाऊ आईसाठी!"

"हो," येऊदेबाई म्हणाली. "काल दुपारपासून करतोय."

मासळीवालीला काही कळलं नाही. येऊदेबाईने हातातला सिलिंडर असा आदळला की ती बिचारी मागे न पाहता निघून गेली. लोकांना येता-जाता एक दिवस दिसतो. बाकीचे दिवस खिडकीच्या आत असतात. आणि ज्याचा एक दिवस दिसला, तो श्रावणबाळ.

संध्याकाळी परतताना मऊ वाळूत आईचा पाय फसला आणि ती फतकन खाली बसली. तिला काही लागलं नाही. ती बसल्या बसल्या हसतही होती. पण येऊदेबाईला फाटकातून धाकट्याचा चेहरा दिसला. तो पांढराफटक झाला होता. धावत जाऊन त्याने आईला दोन्ही काखांत धरून उचललं, आणि कॅरॅव्हॅनपर्यंत येईतो सोडलं नाही.

'बरं झालं,' येऊदेबाईच्या मनात आलं. 'कळू दे जरा.' असं वाटल्याबद्दल तिला स्वतःचा राग आला, पण तो बाकीच्या रागात मिसळून गेला.

निघायच्या दिवशी सकाळी तिने आईची बॅग भरली. भरणार नव्हती, पण धाकट्याच्या बायकोने "आईंचं काय काय घेऊ?" असं विचारलं आणि हिला राहवलं नाही. गोळ्या वेगवेगळ्या डब्यांत, गरम पाण्याची पिशवी, घसरत नाहीत त्या चपला, उशीखाली घ्यायची छोटी घोंगडी. प्रत्येक वस्तू ती आपटून ठेवत होती, आणि प्रत्येक वस्तू नीट घडी होऊन जागच्या जागी बसत होती. आई काठीवर रेलून पाहत होती.

"ही पांढरी गोळी जेवण झाल्यावर," येऊदेबाई बॅगेकडे बघतच म्हणाली. "डावीकडे झोपू नकोस, खोकला येतो."

"माहीत आहे."

"तुला माहीत आहे. त्यांना कुठे माहीत आहे?"

"मी सांगेन ना. तोंड आहे मला."

"ते आहे," येऊदेबाई म्हणाली. "ते चांगलं चालतं. गुडघ्यांसारखं लपवलेलं नाही ते."

आई घराच्या पायरीवरून आपली आपण उतरली. येऊदेबाईने बॅग दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. तशी ती धरली नसती तर हात पुढे गेलाच असता. आईला खूप वेळ लागला. आधी काठी, मग एक पाय, मग थांबणं, मग दुसरा. हे सगळं बघत उभं राहणं हे तिला उचलण्यापेक्षा कितीतरी जड आहे, हे येऊदेबाईला आजच कळत होतं, आणि त्याचाही तिला संताप येत होता.

धाकटा गाडी जोडून तयार होता. आईला पाहताच तो धावला.

"थांब, थांब! आई, तू नको हलूस. मी आहे ना." त्याने तिच्या हातातली काठी काढून घेतली, बायकोकडे दिली, आणि तिला काखेखाली धरलं. "पाय नको उचलूस. मीच घेतो वर."

"अरे, मी चढते," आई म्हणाली. "दार धरून चढते मी."

"काल पाहिलं ना काय झालं ते? पडलीस म्हणजे? पुढे आता मी सांगेन तेव्हाच उठायचं. प्रवासात तर खुर्चीतून हलायचंच नाही. तिकडे गेलो की लिफ्टच आहे, तू चालूच नकोस."

येऊदेबाईने हे ऐकलं. शब्दन् शब्द ओळखीचा होता. त्याच्या तोंडात तो भलताच उर्मट, भलताच ओंगळ वाटला. त्या खुर्चीपाशी इतकी वर्षं हे असं ऐकू येत होतं? आई हे असं ऐकत होती?

तिने बॅग खाली टाकली.

"हात काढ!"

धाकटा दचकला. तिसऱ्या जागेवरची माणसं दचकली. दात घासत नळाशी उभा असलेला तो फेसवालाही दचकला.

"ताई, आता परत सुरू करू नकोस..."

"हात काढ म्हणते ना तिच्या अंगावरचा! काठी दे तिची. दे!" तिने भावजयीच्या हातातून काठी ओढून घेतली आणि आईच्या हातात दिली. "चढतेय ना ती? मग?"

"आणि पडली म्हणजे?"

"पडली तर उठेल! नाही उठली तर उचल! अरे, पडायच्या आधीच कशाला उचलून ठेवतोस माणसाला?"

हे बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं. आई तिच्याकडे बघत होती. येऊदेबाईने नजर वळवली नाही, पण तिचं तोंड लाल झालं होतं, आणि यावेळी ते नुसत्या रागाने नव्हतं.

धाकट्याने हात काढला. आईने दाराची कड धरली. पहिली पायरी हलली. आईचा गुडघा कडकन वाजला, तो सगळ्यांना ऐकू आला. ती थांबली. कुणी हललं नाही. येऊदेबाईने दोन्ही मुठी पदराखाली इतक्या आवळल्या होत्या की नखं तळव्यात रुतली. आईने दुसरा पाय उचलला, टेकला, पुन्हा थांबली, मोठा श्वास घेतला, आणि वर गेली. दारात उभी राहून, धापा टाकत, ती मागे वळली.

"शिकलीस," ती म्हणाली. "उशिरा, पण शिकलीस."

"माझा राग गेलाय असं समजू नकोस," येऊदेबाई म्हणाली.

"घालवू नकोस. सांभाळून ठेव. पोरांची सुट्टी संपली की मी परत येणार आहे, तेव्हा लागेल मला. तिकडे त्या लिफ्टमध्ये भांडायला कोण आहे?"

"अगं पण आई," धाकटा म्हणाला, "ती खोली..."

"खोलीत तुझ्या टोप्या ठेव." आईने बॅग वर मागून घेतली. मग लेकीला नाव घेऊन हाक मारली, ते नाव, जे ती फक्त रागावल्यावर घ्यायची. आज ती रागावलेली नव्हती. "त्या खुर्चीचं तोंड समुद्राकडे करून ठेव. दाराबाहेर. मी येऊन बसेन तिथे."

गाडी निघाली. फाटकातून वळून मोठ्या रस्त्याला लागली. फेसवाला दात घासायचे थांबून अजून बघतच होता. "तुम्हाला दुसरं काम नाही का?" येऊदेबाई त्याच्यावर खेकसली, आणि तेवढ्यात तिला रडू आलं, सगळ्या तळासमोर, भर सकाळी. त्याचा तिला भयंकर राग आला.